चापाला चाप

काही वर्षांपूर्वी बाबा सांगलीहून ओहायोला आमच्याकडे राहायला आले होते. संस्कृत शिकवण्यात त्यांची हयात गेली. तळघरातल्या टेबलावर माझा क्रॉसबो पडला होता. दोरीला मेण लावायचं काम अर्धवट टाकून मी जेवायला वर गेलो होतो. परत आलो तर बाबा चष्मा कपाळावर चढवून त्याच्यावर वाकलेले. “यातला चाप कुठला रे?” त्यांनी विचारलं. मी खालचा खटका दाखवला. “तो बंदुकीचा,” ते म्हणाले, “मी धनुष्य विचारतोय.”

मराठीत खरंच तसं आहे. चाप म्हणजे धनुष्य, आणि बंदूक उडवताना बोटाने ओढतात तोही चाप. हे दोन्ही चाप एकाच वस्तूत नांदतात असं हत्यार म्हणजे क्रॉसबो. शिवाय आपण खर्चाला लावतो, जिभेला लावतो, तो तिसरा चाप वेगळाच. क्रॉसबोवरच्या या संग्रहातले लेख वाचताना, तपासताना मला सारखं जाणवत होतं की मंडळी लिहायला बसतात पहिल्या दोन चापांबद्दल, आणि लेख संपता संपता तिसऱ्यापाशी येऊन पोचतात. ठरवून कुणी तसं केलेलं नाही. विषयच तिकडे ओढतो.

ज्यांनी क्रॉसबो फक्त सिनेमात पाहिला आहे त्यांच्यासाठी आधी त्याची ठेवण सांगतो. लाकडी, धातूच्या किंवा कार्बन फायबरच्या दस्त्याच्या टोकाला धनुष्य आडवं बसवलेलं असतं. दस्त्याच्या पाठीवर एक रूळ. दोरी मागे खेचून कुलपात अडकवायची, रुळावर बाण ठेवायचा, नेम धरून चाप ओढायचा. कुलूप दोरी सोडतं. पुढच्या टोकाला खोगिराला असते तशी रिकीब असते, तिच्यात पाय रोवून दोरी ओढतात. साध्या धनुष्यात ताणलेली दोरी माणसाच्या पाठीचे आणि खांद्याचे स्नायू पेलतात. नेम लांबला की हात थरथरतो. इथे ते ओझं पोलादी कुलपावर असतं, आणि कुलूप दमत नाही. क्रॉसबोची सगळी ताकद आणि त्याच्यावरचे सगळे आरोप या एका बदलातून आलेले आहेत.

आरोप जुने, हत्यार त्याहून जुनं. चीनमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत सैन्याच्या तुकड्याच्या तुकड्या क्रॉसबोवर लढत होत्या. शिआनजवळ 1974 मध्ये मातीच्या सैनिकांची जी फौज सापडली, तिच्यात क्रॉसबोंचं लाकूड बहुतेक कुजून गेलेलं होतं, पण काशाची कुलपं शिल्लक होती. ओतीव, घासून गुळगुळीत केलेले तीन-चार भाग, आडव्या खिळींवर फिरणारे, एकमेकांत अडकणारे. आजच्या क्रॉसबोचं कुलूप उघडून पाहिलं तर पोलाद आणि मशीनची सफाई सोडता कल्पना तीच आहे. मला या हत्यारातलं सर्वांत सुंदर अंग तेच वाटतं. मोठा ताण एका लहान दाताने तोलून धरायचा आणि बोटाच्या हलक्या दाबाने सोडायचा, हा प्रश्न त्या कारागिरांनी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला होता.

ग्रीकांनी पोटाने दाब देऊन ताणायचं धनुष्य केलं, म्हणून त्याचं नावच ‘पोटधनुष्य’ या अर्थाचं पडलं. मध्ययुगीन युरोपात क्रॉसबो जोरात आला आणि आल्या आल्या त्याने भल्याभल्यांची झोप उडवली. बायझंटाइन राजकन्या आन्ना कोम्नेनी हिने बाराव्या शतकात त्याचं वर्णन परक्या रानटी लोकांचं हत्यार म्हणून केलं. 1139 मध्ये लॅटरनच्या दुसऱ्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध तो चालवायला बंदी घातली. या बंदीचा दाखला जो तो देतो. तिच्यात साधे तिरंदाजही होते, हे मात्र बहुतेकांच्या सांगण्यात गळून पडतं. बंदी कुणी फारशी पाळली नाही. 1199 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या एका किरकोळ गढीला वेढा घालून बसला असताना तटावरून आलेल्या क्रॉसबोच्या बाणाने जखमी झाला, जखम चिघळली आणि तो गेला. आयुष्य युद्धात घालवलेला राजा तटावरच्या एका साध्या शिपायाकडून मरतो, यातच लोकांचा राग कशावर होता ते कळतं. चांगला तिरंदाज घडवायला वर्षं लागत. क्रॉसबो चालवायला शेतकऱ्याच्या पोराला काही आठवडे पुरत.

क्रॉसबोची दुसरी बाजू 1346 मध्ये क्रेसीच्या मैदानावर दिसली. जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले एक बाण भरेपर्यंत इंग्रज तिरंदाज कितीतरी बाण सोडून मोकळे होत. पुढे पोलादी धनुष्यं आली, ती हाताने ताणणं अशक्य म्हणून तरफा, कप्प्या, दातेरी चाकांची यंत्रं आली, आणि शेवटी बंदुकीने या सगळ्याला युद्धातून हुसकावलं. उरला तो शिकारीत आणि खेळात. इटलीत गुब्बियो गावात आजही मे महिन्यात शेजारच्या सान्सेपोल्क्रोशी क्रॉसबोची चुरस लागते. स्विस आणि जर्मन नेमबाजांनी त्याला घड्याळाइतकं नेमकं करून ठेवलं. त्यांच्या पुढाकाराने 1956 मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. आपल्या किनाऱ्यावरही तो येऊन गेला आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पोर्तुगीज जहाजांवर ‘बेश्ता’ घेतलेले शिपाई होते. निकोबारी लोकांनी पक्षी टिपायला तो वापरला, आणि अरुणाचलातल्या लिसू लोकांच्या घराघरांत तो होता. या लाकडी, बांबूच्या परंपरेवर युरोपीय पुस्तकांत फार कमी लिहिलं गेलंय. आमच्या संग्रहातही ती उणीव आहेच. त्यासाठी तिथे राहिलेला लेखक हवा.

आता अमेरिका. मिसुरीतल्या होलेस विल्बर ॲलन नावाच्या हुन्नरी गृहस्थाने 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: धनुष्याच्या टोकांना केंद्रापासून सरकवून बसवलेली चाकं लावायची, दोरीबरोबर तारा ओवायच्या, म्हणजे ओढताना मधे जोर लागतो आणि शेवटी ताण उतरतो. 1969 मध्ये पेटंट मिळालं आणि कंपाउंड धनुष्य जन्माला आलं. साताऱ्यात सराव केलेली आदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच प्रकारात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. ॲलनची हीच चाकं क्रॉसबोच्या टोकांनाही लागली, आणि तिथून छोट्या क्रॉसबोची गोष्ट सुरू होते.

साधा, चाकं नसलेला, वक्र बाहूंचा क्रॉसबो आजही आहे आणि त्याचे भक्त कडवे आहेत. दोरी तुटली तर झाडाखाली बसून बदलता येते, बिघडायला फार काही नाही. पण तो पसरट असतो. दोन्ही बाहू मिळून दोन फुटांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा घेतात. दुसरं घराणं कंपाउंडचं: आखूड बाहू, चाकं, तारा, जास्त वेग. तिसरं उलट्या बाहूंचं. यात धनुष्याचं पोट पुढे असतं, दोरी समोरून निघून बाहूंमधून मागे येते, त्यामुळे वजन मागे सरकतं आणि दोरीला धावायला जास्त अंतर मिळतं. गेल्या दहा वर्षांत चौथं घराणं पुढे आलं. रेव्हिनसारख्या कंपन्यांनी चाकं जवळजवळ पूर्ण वेढा फिरतील आणि तारा त्यांच्यावर मळसूत्रासारख्या वर-खाली गुंडाळल्या जातील अशी योजना केली. यामुळे साधारण 26 इंच लांबीचा, ताणल्यावर पावणेसहा इंच रुंद उरणारा क्रॉसबो सेकंदाला 400 फुटांनी बाण फेकू लागला. पावणेसहा इंच म्हणजे माझी वीत पसरली तर त्याच्या पलीकडे जाते.

इतकं लहान कशाला? उत्तर झाडावर आहे. इकडची हरणाची शिकार बहुतांशी बसून होते. झाडाला बांधलेल्या मचाणावर, नाहीतर जमिनीवरच्या कापडी आडोशात, जिथे एक खुर्ची आणि तुमचे गुडघे एवढंच मावतं. पसरट क्रॉसबो फिरवताना बाहू फांदीला लागतो, आडोशाच्या कापडाला घासतो. सोडताना लागला तर धनुष्याचे तुकडे होऊ शकतात. छोटा क्रॉसबो ही अडचण काढतो. बदल्यात काही घेतोही. दोरीला धावायला जागा कमी, म्हणून तेवढाच वेग काढायला बाहू फार ताठ करावे लागतात. तारा आणि चाकं यांची गुंतागुंत घरी सोडवता येत नाही. आणि सगळंच जवळ आल्यामुळे बोटं दोरीच्या वाटेला लागतात. जाहिरातीत पहिली ओळ असते, दुसरी नसते.

इथे मला या संग्रहाचा मूळ मुद्दा सांगायला हवा. छोटा क्रॉसबो बंदुकीसारखा दिसतो. दस्ता खांद्याला, गाल दस्त्यावर, डोळा दुर्बिणीला, बोट चापावर. दिसण्यावर जाऊन माणूस त्याला बंदुकीसारखं वागवतो, आणि बहुतेक चुका तिथे होतात. थोडा हिशेब मांडतो. 400 ग्रेनचा, म्हणजे 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 400 फुटांनी निघाला तर त्याच्यात साधारण 190 ज्यूल ऊर्जा असते. हा आकडा छऱ्याएवढी गोळी उडवणाऱ्या .22 रायफलच्या आसपासचा. हरणासाठी वापरतात त्या .30-06 रायफलच्या गोळीत साडेतीन हजार ज्यूलहून जास्त असते. म्हणजे दिसायला रायफल, ऊर्जेने तिचा विसावा हिस्सा. बाण धक्क्याने मारतच नाही. तो वस्तऱ्याच्या धारेच्या पात्यांनी कापतो, आणि ती पाती हृदय-फुप्फुसांच्या साधारण वीतभर जागेतून गेली तरच जनावर लवकर पडतं. खांद्याच्या हाडावर, पोटात, मागच्या मांडीत लागलेला बाण म्हणजे रात्रभर कंदील घेऊन शोधणं, आणि न सापडलेलं हरीण.

अंतराचंही तसंच. इथे सगळं यार्डात मोजतात. आपल्याकडे त्याला वार म्हणतात, नऊवारी लुगड्यातला तोच वार, म्हणून या संग्रहात आम्ही वारच ठेवलाय. 20 वार म्हणजे दोन नऊवारी एकापुढे एक पसरून वर दोन वार. एवढ्या अंतरावर दुर्बिणीचा नेम बरोबर बसवला आणि त्याच ठिपक्याने 40 वारांवर सोडला, तर बाण सहा-सात इंच खाली लागतो. हरणाच्या अंगावर सहा-सात इंच म्हणजे फुप्फुसाच्या जागी पायाचं हाड. शिवाय 40 वार जायला त्या बाणाला सेकंदाचे तीन दशांश लागतात. दोरीचा आवाज तेच अंतर एक दशांशात कापतो. म्हणजे बाण पोचण्याआधी दोन दशांश सेकंद हरणाने तो ऐकलेला असतो, आणि सावध हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं. बंदुकीच्या गोळीला हा प्रश्नच नाही, ती आवाजाच्या आधी पोचते. म्हणून आमचे अनुभवी लेखक 30 वारांच्या पलीकडे नेम धरायला कां-कूं करतात, खोक्यावर 100 वार छापलेले असले तरी.

मांडणी आणि सराव हा संग्रहाचा गाभा. इथे थोडं रेंगाळतो.

नवीन क्रॉसबो आणला की दुर्बीण आधीच नेमाला बसवून दिलीय असं दुकानदार सांगतो. मानू नये. 20 वारांवर, बाकावर वाळूच्या पिशवीत दस्ता टेकवून तीन बाण सोडावेत, तीन वेगवेगळ्या ठिपक्यांवर. एकाच ठिपक्यावर सोडले तर दुसरा बाण पहिल्याची शेपूट फोडतो. मित्र टाळ्या वाजवतात आणि पैसे तुमचे जातात. मग दुर्बिणीची फिरकी. बहुतेक दुर्बिणींची एक टिक 100 वारांवर पाव इंच सरकवते. 20 वारांवर तीच टिक इंचाचा विसावा भाग. दोन इंच डावीकडे लागत असेल तर चाळीस टिका फिरवाव्या लागतात. नवखा चार टिका फिरवतो, फरक दिसला नाही की दुर्बीण बिघडली म्हणून दुकानात जातो. मी गेलो होतो. दुकानदाराने काही न बोलता शिसपेन्सिलीने कागदावर भागाकार करून दाखवला.

त्यानंतर वेगाची फिरकी. दुर्बिणीत एकाखाली एक ठिपके असतात: 20, 30, 40, 50 वारांसाठी. ते तुमच्या बाणाच्या पडण्याशी जुळवायला एक कडं फिरवतात आणि त्याच्यावर वेग लिहिलेला असतो. खोक्यावर 400 छापलंय म्हणून कडं 400 वर ठेवायचं नाही. तो वेग कारखान्यातल्या बाणाचा. तुमच्या बाणाचं टोक जड असेल तर वेग कमी. वरचा ठिपका 20 वर जुळला की 40 वारांवर जाऊन 40 चा ठिपका जिथे बाण लागतो तिथे येईपर्यंत कडं सरकवायचं. आकडा काय येतो त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

दोरी. ती कुलपात मधोमध अडकली पाहिजे. एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर जास्त गेली तर बाण दर वेळी त्याच दिशेला चुकतो आणि माणूस दुर्बिणीला शिव्या देत बसतो. यावर उपाय रुपया-दोन रुपयांचा आहे: दोरी सैल असताना रुळाच्या दोन्ही कडांपाशी पेनाने तिच्यावर खुणा करायच्या, आणि ताणल्यावर त्या खुणा सारख्या दिसतात का पाहायचं. ओढायला हाताऐवजी दोरखंडाचं साधन घेतलं तर अर्धं वजन कमी होतं आणि दोरी आपोआप मधे येते. 200 पौंडांचं धनुष्य तेव्हा 100 पौंडांचं, म्हणजे 45 किलोचं वाटतं. कंबर दुखत असेल त्याने हँडल फिरवून ताणायचं यंत्र घ्यावं आणि लाजू नये.

बाण. प्रत्येकाला नंबर द्यावा. बारा बाणांच्या जुडीत एखादा नतद्रष्ट असतोच. नंबर नसेल तर तो कोण हे कधीच कळत नाही आणि सगळ्या जुडीवर ठपका येतो. शेपटीची खाच, म्हणजे नॉक, कंपनीने सांगितली तीच वापरायची. सपाट, अर्धचंद्र, दोरीला पकडणारी, असे प्रकार आहेत आणि इथे चालवून घेणं चालत नाही. खाच चुकली की दोरी बाणाच्या वरून उडी मारून जाते. बाण न ठेवता चाप ओढणं हे या हत्याराचं महापाप. बाणात जायची ती सगळी ऊर्जा तेव्हा बाहूंत आणि चाकांत परत शिरते. नव्या क्रॉसबोंत ते टाळणारी अटकाव-कळ असते. तिच्या भरवशावर राहू नये.

आणि अंगठा. बंदुकीची सवय असलेल्याचा डावा अंगठा पुढच्या मुठीवर आपसूक वर चढतो. बंदुकीत तिथे काही नसतं. इथे तिथून दोरी जाते. छोट्या क्रॉसबोत मूठ आणि दोरी जवळ असल्यामुळे ही भीती जास्त. म्हणून मुठीच्या दोन्ही बाजूंना पंख दिलेले असतात. ते कापून टाकणारे शहाणेही मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मी स्वतः शिकलो ती सांगतो, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. माझा तिसरा हंगाम. कापडी आडोशात बसलो होतो, खिडकी अर्धी उघडी, क्रॉसबो तिकाटण्यावर. मादी 22 वारांवर, आडवी उभी. दुर्बिणीतून खांद्याच्या मागचा केसांचा भोवरा दिसत होता. चाप ओढला आणि फाटल्याचा आवाज झाला. बाण खिडकीच्या खालच्या शिवणीतून, तिथे ओवलेल्या सळीला घासून, वाकडा होऊन डावीकडे झुडपात गेला. हरीण गेलं, सुदैवाने त्याला काही झालं नाही. दुर्बीण रुळाच्या अडीच-तीन इंच वर असते. डोळ्याला वाट मोकळी दिसत होती, बाणाला नव्हती. त्या दिवसापासून मी बसलो की आधी गालाची जागा सोडून मान खाली घालतो आणि रुळाच्या रेषेतून बाहेर पाहतो. संग्रहातल्या दोघांनी हीच चूक केलेली आहे, एकाने मचाणाच्या कठड्यावर. आम्ही तिघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर दोन बाण वाचले असते. हे पुस्तक काढायचं ठरलं त्यामागे ही लहानशी हळहळ आहे.

सरावाबद्दल लेखकांत दोन तट पडले आहेत. एक मोजणाऱ्यांचा. त्यांच्याकडे ग्रेनमध्ये तोलणारा काटा आहे, वेगमापक आहे, वही आहे. धारदार पात्यांचं टोक लावल्यावर बाण सरावाच्या टोकापेक्षा किती इंच दूर जातो हे ते तारखेसह सांगतात. दुसरा बसणाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं, बाकावरचा नेम एका दुपारी जमतो. खरी अडचण ही की डिसेंबरात जाड कोटात दस्ता खांद्याला नीट लागत नाही, मचाणावर बसून खाली रोखताना क्रॉसबो कलतो आणि बाण कललेल्या बाजूला जातो, संध्याकाळी ठिपका दिसेनासा होतो. त्यांच्यातले एक काका, वय सत्तरीच्या पुढे, दिवसाला एकच बाण सोडतात. कोट घालून, खुर्चीत बसून, थंड हातांनी, पहिला आणि शेवटचा. शिकारीत दुसरा बाण मिळत नाही, मग सरावात का घ्यायचा, असं ते विचारतात. दोन्ही तटांशी मी वाद घालून पाहिला. मोजणाऱ्यांशिवाय हत्यार नीट लागत नाही हे खरं, पण मला विचाराल तर मी काकांच्या बाजूला आहे.

हे सगळं आत्ता, आणि मराठीत, कशासाठी? अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीपायी संपत आली होती. अंदाज पाच लाखांच्या आसपासचा आहे. आज ती तीन कोटींच्या घरात मानली जातात. लांडगे आणि पहाडी सिंह बहुतेक भागांतून गेले, मक्याची शेतं आणि उपनगरांची बागाईत वाढली. हरणं गाड्यांखाली येतात, कोवळी झाडं उगवू देत नाहीत. 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेला, मेंदू पोखरणारा हरणांचा रोग दाटीत पसरतो. घरांच्या जवळ बंदूक चालत नाही, तिथे धनुष्य आणि क्रॉसबो चालतो. ओहायोने हा मार्ग लवकर धरला. पेनसिल्व्हेनियाने 2009 मध्ये तिरंदाजीच्या हंगामात क्रॉसबो घेतला, विस्कॉन्सिनने 2014 मध्ये त्याचा वेगळा हंगाम सुरू केला. ओरेगनमध्ये शिकारीला तो आजही चालत नाही. धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लबही क्रॉसबोची शिकार नोंदवून घेत नाही. धनुष्यवाल्यांचा आक्षेप लॅटरनच्या धर्मसभेच्या काळचाच आहे: फार सोपं करून टाकलंत. तो मी उडवून लावत नाही. ताणलेली दोरी स्वतःच्या पाठीने न पेलता सोडायची मुभा मिळाली, तर काहीतरी दुसरीकडे पेललं पाहिजे. पण निखळलेला खांदा, संधिवात, वय, यांच्यामुळे ज्याला धनुष्य खाली ठेवावं लागलं त्याला रानाबाहेर काढणं हे उत्तर मला पटत नाही.

मराठी माणसं ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात दोन पिढ्या आहेत. शेजाऱ्याबरोबर शिकारीला गेलेले, घरी मटणाचा रस्सा सोडून हरणाचा रस्सा करू लागलेले, आणि हे आईला फोनवर न सांगणारे बरेच आहेत. त्यांचं ज्ञान इंग्रजीत येतं, विस्मय आणि अपराधी वाटणं मात्र मराठीत. दोन्ही एका भाषेत यावं असं वाटलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्वच्छ लिहायला हवी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि या पुस्तकातलं काहीही तिथे रानात नेण्यासाठी नाही. गंमत अशी की त्याच 1972 साली म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परत आली. आपल्याकडे धनुष्य मैदानात वाढलं ते चांगलंच झालं. तिथल्या तिरंदाजांना यातलं दोरी, बाण, चाकं आणि नोंदवही यांच्याबद्दलचं लेखन ओळखीचं वाटेल. बाकीचं परमुलुखाची हकिकत म्हणून वाचावं.

हा संग्रह कुठला क्रॉसबो घ्यावा ते सांगत नाही. दोन वर्षांत ती माहिती शिळी होते. कायदे राज्यागणिक आणि दर हंगामाला बदलतात, ते ज्याने त्याने आपल्या राज्याच्या पुस्तिकेत पाहावेत. आम्ही प्रयत्न केलाय तो पेटी उघडण्यापासून पहिल्या थंड सकाळपर्यंतचा काळ एका ओळखीच्या माणसाने शेजारी बसून सांगावा तसा सांगण्याचा, चुकांसकट. परिभाषा आम्ही सक्तीने मराठी केली नाही. नॉक नॉकच राहिला; बाहू, दस्ता, रूळ, रिकीब आणि खटका जिथे चपखल बसले तिथे बसवले. चाप दोन्ही अर्थांनी आलाय, संदर्भाने कळेल.

ताणलेला क्रॉसबो संध्याकाळी घरी नेता येत नाही. काही क्रॉसबो यंत्राने उलटे उतरवता येतात, माझा नाही. मचाणावरून खाली उतरून, मागे-पुढे कुणी नाही ना पाहून, एक बोथट टोकाचा जुना बाण मऊ मातीत सोडावा लागतो. माझ्याकडे त्यासाठी सात नंबरचा बाण आहे. पिसं झिजलीत, कांडीवर चिखलाचा डाग कायमचा बसलाय. गेल्या हंगामात तो तेवीस वेळा मातीत गेला. हरणावर एकच बाण सुटला, तो तीन नंबरचा.